परमुलखातील धर्मप्रचार

आपल्याकडे गावोगाव वर्षातून एकदा तरी सप्ताह बसतो. कीर्तनकार बहुधा बाहेरगावचे असतात. त्यांना आणावयास कोणी तरी जातो, उतरण्याची व जेवणाची सोय एखाद्या घरी होते, रात्री दोन-अडीच तास कीर्तन होते आणि दुसऱ्या दिवशी नारळ व बिदागी घेऊन बुवा पुढच्या गावाला निघतात. आता समजा, बोलण्याच्या भरात बुवांनी गावातल्या एखाद्या समाजाला लागेल असे काही सुनावले आणि समोरच्या मंडळींनी त्याला टाळ्या दिल्या. बुवा तर सकाळच्या एस. टी.ने गेले. त्या शब्दांचे पुढे काय करावयाचे, हे मागे राहिलेल्यांना पाहावे लागते. ज्यांना आठवड्याच्या बाजारात, शाळेच्या आवारात आणि दवाखान्याच्या रांगेत एकमेकांची तोंडे पाहावयाची आहेत, त्यांच्यात तेढ उरते.

आज आपणांस ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, तो ह्याच प्रसंगाचे मोठे रूप आहे. जगात असे काही देश आहेत की, जेथे कोणता धर्म सांगावा, कोणता सांगू नये, कोणी सोडावा, कोणी घ्यावा, हे सरकार ठरविते. सौदी अरेबियात इस्लामखेरीज इतर धर्मांच्या उघड उपासनेस बंदी आहे. उत्तर कोरियात साध्या माणसाच्या घरी बायबल सापडले, तर त्याच्यावर मोठे संकट ओढवते. इतकेच काय, आपल्या शेजारच्या नेपाळात निवडणुका होतात, वर्तमानपत्रे सरकारवर टीका करतात, तरीही २०१७ सालच्या फौजदारी संहितेप्रमाणे दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि तो परदेशी असेल, तर शिक्षा संपल्यावर सात दिवसांत त्याला देशाबाहेर घालवावे असे कलम आहे. अशा देशात प्रवासी म्हणून, नोकरीनिमित्त अथवा सेवेच्या कामासाठी गेलेल्या माणसाने आपल्या धर्माचा प्रचार करावा काय, असा हा प्रश्न आहे.

ह्यावर दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणते, "सत्य सांगावयास परवानगी कशाला हवी? माणसाच्या मनावर पहारा बसविण्याचा अधिकार कोणत्याच सरकारला नाही." दुसरे म्हणते, "ज्याच्या घरी पाहुणे म्हणून जावे, त्याच्या घरची रीत पाळावी." दोन्ही उत्तरांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. आपण मराठवाड्यातली माणसे ह्या प्रश्नाकडे एकाच बाजूने पाहू शकत नाही. कारण ज्या प्रकारच्या राज्याविषयी आपण बोलत आहोत, तशाच एका राज्यात आपले आजे-पणजे राहिले आहेत.

आपल्या घरचा अनुभव

सप्टेंबर १९४८ पर्यंत माजलगाव हे निजामाच्या हैदराबाद राज्यात, बीड जिल्ह्यात होते. पलीकडे अहमदनगर जिल्हा इंग्रजी अमलातला. इंग्रजी अंमल म्हणजे काही स्वातंत्र्य नव्हे. परंतु सभा भरविणे, वर्तमानपत्र काढणे, व्याख्यान देणे ह्या गोष्टी तिकडे जितक्या होत, तितक्या इकडे होत नसत. १९२९ साली निघालेल्या 'गश्ती निशाण ५३' ह्या हुकुमान्वये सभेसाठी सरकारची परवानगी लागू लागली. आखाडे, खासगी शाळा, मंदिरांची बांधकामे ह्यांवरही परवानग्यांचे जाळे होते. प्रजेतील फार मोठा भाग हिंदू. पण राज्ययंत्र, राजभाषा आणि राजाश्रय ह्यांत तिला स्थान अल्प.

अशा राज्यात आर्य समाजाचे प्रचारक येऊ लागले. १८७५ साली स्वामी दयानंद सरस्वतींनी मुंबईत स्थापन केलेल्या ह्या समाजाने हैदराबाद शहरात १८९२ साली पाय रोवले, आणि पुढे मराठवाड्यात व बिदरकडे त्याचे काम वाढले. हवनकुंड, ओमचा ध्वज, वेदमंत्र आणि शुद्धी ही त्या कामाची अंगे. दुसऱ्या बाजूलाही प्रचारक होतेच. बहादुर यार जंग ह्यांची तबलीगची संस्था होती. लिंगायतांना उद्देशून स्वतःस चन्नबसवेश्वराचा अवतार म्हणविणारे सिद्दीक दीनदार होते. म्हणजे धर्म सांगणारे दोन्हीकडून फिरत होते; सरकारची नजर मात्र दोघांवर सारखी नव्हती, अशी आर्य समाजाची तक्रार होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. उत्तरेकडून आलेला प्रचारक सरकारला नकोसा झाला, की सरकारला एक सोपा उपाय होता. त्याला राज्याच्या हद्दीबाहेर नेऊन सोडले, की काम भागे. तो पंजाबात किंवा दिल्लीस जाऊन पुन्हा व्याख्याने देऊ शके. येथल्या माणसाला असे बाहेर जावयास दुसरे घर नव्हते. हैदराबादचे पंडित नरेंद्रजी ह्यांना मन्ननूरच्या जंगलात डांबले. लोक त्या जागेस निजामाचे काळे पाणी म्हणत. गुंजोटीचे वेदप्रकाश १९३७ साली मारले गेले. कल्याणीचे धर्मप्रकाश १९३८ साली मारले गेले. उदगीरचे वकील श्यामलाल ह्यांना त्याच वर्षाच्या डिसेंबरात बिदरच्या तुरुंगात मृत्यू आला. ही सारी इथल्या मातीतली माणसे. उपदेश करणारे कोठूनही आलेले असोत, ह्यांची घरे, शेते आणि मुलेबाळे ह्याच राज्यात होती.

मग १९३८ च्या डिसेंबरात सोलापूरला, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर, लोकनायक बापूजी अणे ह्यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली आणि सत्याग्रहाचा निर्णय झाला. १९३९ च्या आरंभी महात्मा नारायण स्वामींच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी राज्यात शिरली. पाठोपाठ तुकड्यांमागून तुकड्या आल्या. पंजाब, संयुक्त प्रांत, राजस्थान अशा दूरच्या मुलखांतली माणसे हजारोंनी तुरुंगात गेली. त्यांतले अनेक तुरुंगातच वारले. जुलै १९३९ मध्ये सरकारने सुधारणा जाहीर केल्या, धर्मविषयक बंधनांबाबत खुलासा केला आणि ऑगस्टमध्ये सत्याग्रह मागे घेण्यात आला.

प्रचारक पूर्वीही बाहेरूनच येत होते. मग ह्या वेळी निराळे काय घडले? प्रथम, सत्याग्रही आपले नाव, गाव आणि हेतू उघड सांगून आला. दुसरे, तो पळून जाण्यासाठी आलेला नव्हता. पकडले जावे म्हणूनच आला होता. तिसरे, त्याची मागणी धर्म सांगण्याच्या हक्काची होती. कोणाला गुपचूप आपल्या धर्मात ओढून नेण्याचा त्यात भाग नव्हता. ह्यामुळे त्या कृत्याला एक नैतिक वजन प्राप्त झाले.

परंतु आपण स्वतःशी प्रामाणिक राहावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'सत्यार्थप्रकाशा'च्या अखेरच्या भागात इतर धर्मांवर, विशेषतः ख्रिस्ती व इस्लाम धर्मांवर, कठोर टीका आहे. १९२४ साली गांधीजींनी ह्याबद्दल उघड नापसंती दर्शविली होती. व्यासपीठावरची अशी टीका बाहेरून आलेला वक्ता करून जाई, आणि गावातले हिंदू-मुसलमान शेजारी तिचे ओझे वाहत. आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसने जबाबदार राज्यपद्धतीसाठी आपला निराळा सत्याग्रह सुरू केला होता. स्वामी रामानंद तीर्थ त्यात तुरुंगात गेले. डिसेंबरच्या अखेरीस गांधीजींच्या सल्ल्याने तो स्थगित करावा लागला. राजकीय हक्कांची ही चळवळ आणि धार्मिक चळवळ ह्यांची लोकांत गल्लत होऊ नये, हे त्यामागचे एक मुख्य कारण होते. बाहेरून येणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असो, त्याच्या येण्याने घरच्यांच्या कामाची घडी विस्कटू शकते, हे ह्यावरून दिसते.

वसईचा दुभाषी

आता आपल्याच महाराष्ट्रातून बाहेर गेलेल्या एका प्रचारकाकडे वळू. वसईस १५५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथली. कोवळ्या वयात जेझुइट पाद्र्यांबरोबर तो जपानात गेला, तेथली भाषा उत्तम शिकला, पुढे काही काळ व्यापार केला आणि अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन पंथात दाखल झाला. १५९३ साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे वकील म्हणून काही फ्रान्सिस्कन जपानला गेले, तेव्हा त्यांचा दुभाषी म्हणून गोन्सालो बरोबर होता.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याने १५८७ सालीच ख्रिस्ती धर्मोपदेशकांना देश सोडून जाण्याचा हुकूम काढलेला होता. तो कडकपणे अमलात येत नव्हता एवढेच. वकील म्हणून आलेल्या फ्रान्सिस्कनांनी क्योटोस चर्च बांधले, रुग्णालय काढले, उघड प्रचार चालविला. रुग्णसेवेचे त्यांचे काम खरोखर मोठे होते. पण राजाचा वकील आणि धर्माचा उपदेशक ह्या दोन भूमिका एकाच अंगरख्यात आल्या. १५९६ साली एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले आणि त्यानंतर, आधी पाद्री येतात व मागून फौज येते, असा संशय दरबारी बळावला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. गोन्सालो त्यांपैकी एक होता. १८६२ साली पोपने त्याला संतपद दिले; वसईत आज त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे.

त्या सव्वीस जणांत बाहेरून आलेले सहा होते. उरलेले वीस जपानी होते. त्यांतला सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा होता.

गोन्सालोबद्दल कोणीही अनादराने बोलू नये. तो मागे हटला नाही आणि ज्यांना त्याने धर्म सांगितला त्यांच्याबरोबर तो मेला. त्या वीस जपान्यांनाही आपण अजाण समजू नये. त्यांनी जो धर्म घेतला तो आपल्या विवेकाने घेतला आणि त्यासाठी प्राण दिला. परंतु सहा आणि वीस हे प्रमाण लक्षात ठेवावे. १६१४ नंतर जपानात ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली, परदेशी पाद्री हाकलले गेले आणि देशी ख्रिस्ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या आपला धर्म लपवून जगली. ती बंदी १८७३ साली उठली. अडीचशेहून अधिक वर्षे ते लपणे त्यांच्या वाट्याला आले.

आजचे प्रवासी

हे जुन्या काळी झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्या काळातील दोन उदाहरणे घेऊ.

ऑगस्ट २००१ मध्ये काबूल येथे एका परदेशी सेवासंस्थेतील आठ जणांना तालिबानने पकडले. एका अफगाण कुटुंबास येशूच्या जीवनावरील चित्रपट दाखविला, हा आरोप. त्या आठ जणांबरोबर संस्थेतले सोळा अफगाण नोकरही पकडले गेले. तालिबानच्या फर्मानाप्रमाणे परदेशी प्रचारकास थोडी कैद आणि हद्दपारी होती. इस्लाम सोडणाऱ्या अफगाणास देहान्त होता. निजामाच्या राज्यात आपण जो भेद पाहिला, त्याचेच हे भयंकर रूप. आठ परदेशीयांसाठी तीन देशांची सरकारे धावली, जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे झळकली आणि नोव्हेंबरात त्यांची सुटका झाली. त्या सोळा अफगाणांची नावे आज किती जणांना ठाऊक आहेत?

दुसरे उदाहरण उत्तर कोरियातले आहे. मे २०१४ मध्ये जेफ्री फाउल नावाचा एक अमेरिकन प्रवासी चोंगजिन शहरातील नाविकांच्या क्लबात मुद्दाम एक बायबल ठेवून आला. एखाद्या लपून राहिलेल्या ख्रिस्ती माणसाच्या हाती ते पडावे, अशी त्याची इच्छा होती. ते पडले अधिकाऱ्यांच्या हाती. त्याला अटक झाली आणि ऑक्टोबरात तो सुटून घरी गेला. आता क्षणभर त्याची इच्छा सफल झाली असे धरून चला. एखाद्या झाडणाऱ्या बाईला किंवा स्वयंपाक्याला ते पुस्तक सापडले असते. तिने ते जवळ ठेवावे, तर पकडले जाण्याचे भय. वर नेऊन द्यावे, तर ज्याच्यासाठी ते ठेवले त्याचा शोध सुरू होण्याचे भय. तेथेच सोडावे, तर पाहून न पाहिल्यासारखे केले हा गुन्हा. ज्या माणसाला प्रवाशाने कधी पाहिले नाही, विचारले नाही, त्याच्यापुढे त्याने असे तीन दरवाजे उघडले आणि तिन्ही दरवाजे तुरुंगाकडे जाणारे.

कसोट्या कोणत्या?

ह्या उदाहरणांवरून परमुलखातील प्रचारकाने स्वतःला विचारावयाचे काही प्रश्न निघतात.

पहिला प्रश्न असा : माझ्या कृत्याची शिक्षा कोणाला होणार? ती मुख्यतः मला होणार असेल, तर मी धाडस करण्यास मोकळा आहे. ती मला आश्रय देणाऱ्याला, माझ्या मोटारचालकाला, दुभाष्याला किंवा ऐकणाऱ्याला होणार असेल, तर ते धाडस माझे नव्हेच. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे ह्याला शौर्य म्हणत नाहीत.

दुसरा प्रश्न : ज्याला शिक्षा होणार त्याने सर्व समजून होकार दिला आहे काय? एखाद्या देशातील माणूस आपण होऊन येऊन विचारतो, "तुमच्या धर्मात काय सांगितले आहे?" त्याला उत्तर देणे आणि न विचारता एखाद्याच्या खिशात पत्रक कोंबणे ह्यांत फार अंतर आहे. जो तेथे राहतो, त्याला तेथला धोका आपल्यापेक्षा अधिक कळतो. तेव्हा किती बोलावे, कोठे बोलावे, केव्हा थांबावे हे त्याने ठरवावे आणि पाहुण्याने ऐकावे.

तिसरा प्रश्न : मी कोण म्हणून आलो आहे? अर्जात 'प्रवासी' लिहिले, 'शिक्षक' लिहिले, 'वैद्य' लिहिले आणि मनातला हेतू निराळा असला, तर पुढे येणाऱ्या प्रत्येक खऱ्या शिक्षकाकडे आणि वैद्याकडे ते सरकार संशयाने पाहणार. औषधाची गरज असलेल्या गावात मग औषधही पोचत नाही. अन्न, औषध किंवा नोकरी देणाऱ्या हाताने धर्मही पुढे केला, तर घेणाऱ्याला नाही म्हणण्याची मोकळीक किती उरते, हेही पाहिले पाहिजे.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. सर्वांनी अशी सावधगिरी बाळगली, तर जुलमी कायदा मोडणार कोण? १९३९ साली बाहेरचे सत्याग्रही आले नसते, तर निजाम सरकारने एक पाऊल तरी मागे घेतले असते काय? आक्षेप मान्य आहे. जुलमी कायदा पाळणे हे काही पुण्य नव्हे. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जो जाहीरनामा संमत केला, त्याच्या अठराव्या कलमात धर्म बदलण्याचे स्वातंत्र्यही सांगितले आहे. सौदी अरेबिया त्या वेळी मतदानास तटस्थ राहिला, ह्याचे ते कलम हे एक कारण होते. परंतु कायदा मोडण्याचे दोन प्रकार आहेत. एकात माणूस उघड मोडतो आणि परिणाम स्वतः भोगतो. दुसऱ्यात तो लपून मोडतो, निघून जातो आणि परिणाम मागे ठेवतो. पहिल्याने बंद दारे कधी कधी उघडतात. दुसऱ्याने बहुधा आतल्या माणसांवरचा पहारा वाढतो. ज्याला खरोखर त्या देशातील माणसांची कळकळ आहे, त्याने आपल्या देशात राहून त्यांच्या हक्कांसाठी बोलावे, तुरुंगात असलेल्यांची नावे जगापुढे मांडावी, पळून आलेल्यांना आसरा द्यावा. ह्या कामात टाळ्या कमी मिळतात, पण त्याची झळ आतल्या माणसाला सहसा लागत नाही.

आपल्या दाराशी आलेला

शेवटी, प्रश्नाची दुसरी कड. आपण परक्या मुलखात काय करावे हे पाहिले. आपल्या मुलखात परका प्रचारक आला तर आपण काय करतो?

आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला मर्यादाही घातली : प्रसार म्हणजे आपली तत्त्वे समजावून सांगणे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. ह्या मर्यादेबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. परंतु सांगण्याचा आणि ऐकण्याचा हक्क तरी निर्विवाद आहे.

२०२० च्या वसंतात करोनाची साथ आली, तेव्हा आपल्या शेजारच्या, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात तबलीगी जमातीच्या परदेशी पाहुण्यांवर गुन्हे नोंदले गेले. प्रवासी परवान्यावर येऊन मशिदींत धर्मप्रचार केला, हा त्यांवरील आरोपांपैकी एक. त्यांच्याबरोबर काही भारतीयांवर आणि त्यांना उतरू देणाऱ्या मशिदींच्या विश्वस्तांवरही गुन्हे दाखल झाले. म्हणजे येथेही पाहुण्यामागोमाग यजमान अडकला. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एकोणतीस परदेशीयांवरील ते गुन्हे रद्द केले, आणि संकटकाळी सरकार बळीचा बकरा शोधते, अशा आशयाची टीका केली. निजामाच्या राज्यात आणि आजच्या राज्यात जो फरक आहे, तो ह्या न्यायालयाच्या दारात दिसतो. तो फरक आपोआप टिकत नाही. एखाद्या गावात अनोळखी माणूस पुस्तके घेऊन येतो आणि लोक त्याला घेरतात, त्याच्याबरोबर त्याला चहा देणाऱ्यालाही जाब विचारतात, त्या दिवशी तो फरक थोडा पुसला जातो.

वेदप्रकाश आणि श्यामलाल ह्यांना आपण हुतात्मे म्हणतो, कारण आपला धर्म उघड सांगण्याचा हक्क त्यांना नाकारला गेला होता. तो हक्क जर खरा असेल, तर आपल्याला न पटणारा धर्म सांगणाऱ्यालाही तो आहे. आणि ऐकून 'नाही' म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे. परमुलखात जाणाऱ्याने यजमानाच्या मानेवर सुरी येणार नाही एवढे पाहावे. घरी राहणाऱ्याने यजमान म्हणून आपल्या हाती सुरी येणार नाही एवढे पाहावे. दोन्ही गोष्टी सांभाळल्या, तर सप्ताहाचे बुवा दुसऱ्या गावाला गेल्यावरही आपल्या गावाचा बाजार नेहमीसारखा भरेल.